सह्याद्रीहून सत्तरपट म्हातारा

१८७९ साल महाराष्ट्राला आठवतं ते वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडासाठी आणि अटकेसाठी. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला सातारा जिल्ह्यात एक पाहुणा थेट आभाळातून उतरला. कळंबी गावी पडलेला हा दगड साधारण साडेचार किलोचा. जगातल्या उल्कापाषाणांच्या अधिकृत यादीत तो आजही ‘कळंबी’ म्हणूनच नोंदलेला आहे. या दुनियेचा रिवाजच तसा: दगड ज्या गावाजवळ पडेल, त्या गावाचं नाव त्याला. बारसं फुकटात, आणि एकदा ठेवलेलं नाव सहसा बदलत नाही.

दगड दिसायला अगदी बेताचा. सोनं नाही, हिरा नाही, मंगळावरून आल्याचा तोराही नाही. शास्त्रज्ञांनी त्याला दिलेली ओळख दोन अक्षरांची: ‘एच ५’. पण या दोन अक्षरांत सूर्यमालेच्या लहानपणाचा मोठा कच्चा माल भरला आहे.

कळंबी, पण कुठलं?

सातारा-सांगलीकरांना हा प्रश्न पडणारच. एक कळंबी खटाव तालुक्यात आहे, एक मिरजेजवळ. नोंदीतले अक्षांश-रेखांश वाईच्या बाजूला बोट दाखवतात, त्यामुळे मान साताऱ्याकडे जातो. सांगलीकरांनी मात्र वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. १८७९ मध्ये वाळवा, तासगाव, खानापूर हे सगळं सातारा जिल्ह्यातच होतं. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. दगड पडला तेव्हा घर एकच होतं, सबब वाटणी निम्मी-निम्मी.

गंमत म्हणजे मराठी विश्वकोशाचं काम वाईतूनच चालत आलं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली जे खंड निघाले, त्यांत या दगडांना ‘अशनी’ म्हटलं आहे. आकाशात चमकते ती उल्का, जमिनीवर पोचतो तो अशनी. वाईकरांना हा फरक तोंडपाठ हवा!

एच घराण्याचे प्रताप

‘एच’ म्हणजे लोखंड जास्त असलेलं घराणं. वजनाच्या पाव हिश्शाहून अधिक लोखंडच. जगात पडताना पाहिलेल्या दगडांत हे घराणं भलतंच मोठं आहे. साधारण तीनातला एक दगड यांच्यातला. आणि उपद्व्यापीही कमी नाही.

अमेरिकेतल्या अलाबामात ३० नोव्हेंबर १९५४ रोजी अ‍ॅन हॉजेस नावाची बाई दुपारी कोचावर पडली होती. छप्पर फोडून दगड आत आला, रेडिओवर आपटला आणि उडून तिच्या अंगावर बसला. कमरेवर मोठा काळानिळा डाग, बाकी ठीक. दगड एच घराण्याचा. ९ ऑक्टोबर १९९२ ला न्यूयॉर्कजवळ पीकस्किल गावी उभ्या असलेल्या शेव्हरले गाडीची डिकी एका दगडानं आरपार केली. तोही एच. गाडी जुनीपानी होती. चेपल्यावर तिला संग्राहकांनी मूळ किमतीच्या कितीतरी पट भाव दिला. अपघातानंतर गाडीची किंमत वाढल्याचं दुसरं उदाहरण सापडणं कठीण!

पण घराण्यातला खरा हिरो मोनाहान्स. हा कळंबीचा सख्खा भाऊबंद, तोही एच ५. २२ मार्च १९९८ ला टेक्सासमधल्या मोनाहान्स गावात सात मुलं बास्केटबॉल खेळत होती, तेवढ्यात जवळच दगड आदळला. नगरपालिकेनं आधी ‘सार्वजनिक जागेत पडला, म्हणून आमचा’ असा हक्क सांगितला, मग शहाणपण सुचून दगड मुलांना देऊन टाकला. दरम्यान तो तीन दिवसांच्या आत नासाच्या ह्यूस्टनमधल्या प्रयोगशाळेत पोचलाही होता. फोडला तर आत जांभळट-निळ्या रंगाचे खडे! तपासलं तर चक्क मीठ. आपण भाजीत घालतो तेच, सोडियम क्लोराइड. कोट्यवधी वर्षांच्या किरणोत्सारानं त्याला तो रंग आला होता.

आता सूक्ष्मदर्शकाखाली जरा जवळून बघा. मिठाच्या खड्याच्या पोटात बारीक बारीक पोकळ्या आहेत. पोकळीत पाणी आहे. पाण्यात एक बुडबुडा आहे, आणि तो बुडबुडा हलतो! सूर्यमाला नुकती आकार घेत होती त्या काळातलं हे द्रवरूप पाणी, मिठाच्या कुपीत बंद होऊन टेक्सासच्या उन्हात उतरलं. एच ५ दगड तर कधीकाळी सातशे अंशांच्या आसपास भाजून निघालेले. मग आत पाणी टिकलं कसं? शास्त्रज्ञांचं म्हणणं असं की भाजणं आधी झालं, आणि नंतर दुसऱ्याच कुठल्यातरी ओलसर लघुग्रहावरचं मीठ येऊन यात मिसळलं. म्हणजे त्या काळी लघुग्रहांत देवाणघेवाण जोरात होती, आणि पाणी फक्त पृथ्वीची मक्तेदारी नव्हतं.

एक लक्षात ठेवा. हे मीठ सापडलं ते दगड लगेच उचलला आणि कोरडा ठेवला म्हणून. एक पाऊस पडला असता, तर सगळा पुरावा वाहून गेला असता.

वय विचारू नये, पण विचारूच

महाबळेश्वर, पाचगणी, कास, अजिंक्यतारा, माथ्यावरचा जांभा सोडला तर सगळं एकाच काळ्या दगडाचं, म्हणजे बेसाल्टचं. ज्वालामुखीच्या भेगांतून लाव्हा थरावर थर वाहिला तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. आपल्याला ‘पुरातन’ वाटणारा सह्याद्रीचा दगड तो एवढाच.

त्याच्या खाली काय आहे? हेही साताऱ्यानंच दाखवलं. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर हा पट्टा भूकंपशास्त्रज्ञांचा लाडका झाला. आज कराडजवळ हजारमाचीला यासाठी केंद्र सरकारची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे आणि कोयनेच्या परिसरात तीन किलोमीटर खोल भोक पाडून झालंय. वरचा बेसाल्ट किलोमीटरभरात संपतो, आणि खाली लागतो ग्रॅनाइटच्या जातीचा खडक, अडीच अब्ज वर्षांहून जुना. सातारा जिल्ह्याच्या तळघरातला हा सगळ्यात ज्येष्ठ सदस्य.

कळंबीचा दगड त्याच्याही आजोबांच्या वयाचा. साडेचार अब्ज वर्षं आणि वर थोडी. सह्याद्रीच्या बेसाल्टशी भागाकार केला तर उत्तर सत्तरच्या जवळ येतं.

आणि सूर्यमालेचं नेमकं वय? तो आकडा लक्षात ठेवायला अगदी सोपा: ४, ५, ६, ७. म्हणजे ४५६ कोटी ७० लाख वर्षं. हा आकडा आला पांढुरक्या ठिपक्यांतून. ८ फेब्रुवारी १९६९ ला मेक्सिकोत आयेंदे गावाजवळ दोन टनांहून जास्त दगडांचा सडा पडला. काळ्या दगडात कॅल्शियम आणि अ‍ॅल्युमिनियमनं भरलेले पांढरे ठिपके होते. सूर्याभोवतालचा तापलेला वायू निवू लागला तेव्हा सर्वांत आधी घट्ट झालेले हे कण. अशा ठिपक्यांचं वय मोजलं, तीच सूर्यमालेची जन्मवेळ धरली जाते. पत्रिकेत घटका-पळं मांडणाऱ्यांनी इथली अचूकता बघावी: साडेचार अब्ज वर्षांच्या हिशेबात चूक जेमतेम काही लाख वर्षांची.

पृथ्वीचं वयही पृथ्वीवरच्या दगडानं सांगितलं नाही, कारण इथले सुरुवातीचे खडक वितळून, दबून, घासून केव्हाच नाहीसे झाले. ऑस्ट्रेलियात सापडलेला झिरकॉनचा सगळ्यात जुना कणही ४४० कोटींवर थांबतो. १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी अ‍ॅरिझोनातल्या लोखंडी अशनीतलं शिसं मोजलं आणि ४५५ कोटी हा आकडा काढला. मोजताना प्रयोगशाळेत जिथंतिथं शिसं सापडायला लागलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की हे पेट्रोलमधून हवेत आलंय. मग उरलेली बरीच हयात त्यांनी तेल कंपन्यांशी भांडण्यात घालवली. भारतात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं. त्या यशाची सुरुवात एका उल्कापाषाणातून झाली, हे पंपावर उभं असताना कुणाला सुचतं?

उशिरा जन्मला म्हणून वाचला

आता ‘एच ५’ मधल्या पाचाकडे वळू. या जातीच्या दगडांत बारीक गोल मणी असतात, त्यांना कॉन्ड्रूल म्हणतात. एच घराण्यातले मणी खसखशीच्या दाण्याहूनही लहान. अवकाशातल्या धुळीचे गोळे क्षणात वितळले, तासा-दिवसांत थिजले आणि हे मणी झाले. ते वितळवलं कुणी? विजेसारख्या ठिणग्यांनी, धडकांच्या लाटांनी की आणखी कशानं, यावर शास्त्रज्ञांचं अजून जोरदार भांडण चालू आहे. मण्यांची धार किती शाबूत आहे, यावरून तीन ते सहा असे क्रमांक देतात. तीन म्हणजे जवळजवळ न भाजलेला. सहा म्हणजे इतका भाजलेला की मणी शोधावे लागतात. आपला कळंबी पाचवा, म्हणजे बऱ्यापैकी खरपूस.

पण अवकाशाच्या गारठ्यात या दगडांना आच लागली कुठून? उत्तराचा मोठा धागा भारतानं दिला. २० जून १९९६ ला राजस्थानच्या पाली जिल्ह्यात पिपलिया कलाँ इथं अशनी पडला. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये त्यात अ‍ॅल्युमिनियम-२६ या किरणोत्सारी अणूच्या खुणा दाखवल्या. त्या चमूतले जितेंद्रनाथ गोस्वामी पुढे चांद्रयान-१ चे प्रमुख वैज्ञानिक झाले.

हा अ‍ॅल्युमिनियम-२६ भारी चीज आहे. दर सात लाख वर्षांनी तो निम्मा होतो आणि जाता जाता उष्णता सोडतो. त्यामुळे जे लघुग्रह अगदी सुरुवातीला तयार झाले, त्यांच्या पोटात हा भरपूर होता. ते पुरते वितळले. जड लोखंड तळाला गेलं, हलका लाव्हा वर आला. पिपलिया कलाँचा दगड अशाच वितळलेल्या लघुग्रहाच्या वरच्या थराचा, बहुधा वेस्ताचा. लोखंडी अशनी हे अशा गोळ्यांचे उघडे पडलेले गाभे. कळंबीचा मूळ लघुग्रह मात्र सुमारे वीस लाख वर्षं उशिरा जमला. तोवर इंधन बरंच जळून गेलं होतं. म्हणून तो भाजला, पण वितळला नाही. मणी थोडे पुसट झाले, तरी राहिले. आपल्याकडे उशीर झाल्याबद्दल ओरडा बसतो. इथं उशिरानंच इतिहास वाचवला.

आणि तो मूळ लघुग्रह आज कुठाय? फुटला. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनानुसार आज पडणारे बहुतेक एच दगड कारिन आणि कोरोनिस या लघुग्रह-कुळांतल्या ताज्या फुटीतून येतात. ताज्या म्हणजे साधारण साठ ते पंचाहत्तर लाख वर्षांपूर्वीच्या. या हिशेबात ती कालचीच गोष्ट.

गुरूनं घातलेलं कुंपण

उल्कापाषाणांनी फोडलेलं हे सगळ्यात मोठं गुपित. २०१७ मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टर विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी अशनींमधले मॉलिब्डेनम आणि टंगस्टनचे अणू तपासले, तर सरळ दोन तट पडलेले दिसले. एक गट सूर्याच्या जवळचा, दुसरा लांबचा. दोन्ही एकाच वेळी तयार होत होते, पण लाखो वर्षं एकमेकांत मिसळले नाहीत. मध्ये कोणीतरी आडवं उभं होतं. तो गुरू. सूर्यमाला दहा लाख वर्षांची व्हायच्या आतच गुरूचा गाभा पृथ्वीच्या वीसपट वजनाचा झाला होता, असा त्यांचा निष्कर्ष. सगळ्यात थोरला ग्रह सगळ्यात आधी वाढला, याचा पुरावा त्या ग्रहावर न जाता, हातातल्या दगडात मिळाला. मला विचाराल तर गेल्या काही वर्षांतला हा सगळ्यात देखणा शोध.

कळंबी अर्थातच गुरूच्या अलीकडचा. पलीकडच्या गटातल्या एकानं पृथ्वीवर काय करून ठेवलं ते मात्र जगजाहीर आहे. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आदळून ज्यानं डायनोसॉरांचा निकाल लावला, तो लघुग्रह गुरूपलीकडे जन्मलेला होता, हे २०२४ मध्ये रुथेनियमच्या अणूंवरून कळलं. आणि आकडा ओळखीचा वाटतोय ना? त्याच सुमारास आपला सह्याद्री वाहत होता. डायनोसॉरांच्या खुनात पहिला आरोपी कोण, मेक्सिकोतला दगड की दख्खनचा लाव्हा, यावर दोन्ही पक्षांचे वकील अजून थकलेले नाहीत. या खटल्याच्या कागदपत्रांत जगभरचे भूवैज्ञानिक जे नाव पुन्हा पुन्हा लिहितात ते ‘वाई उपगट’. दख्खनच्या लाव्ह्याचा वरचा, सर्वांत अवाढव्य भाग. त्याच्या थरांना आंबेनळी, महाबळेश्वर, पोलादपूर अशी घाटातली नावं आहेत. वाईच्या मेणवलीत शूटिंग होतात हे सर्वांना ठाऊक. वाईचं नाव भूगर्भशास्त्रातही गाजतं हे वाईतल्याही फार जणांना ठाऊक नसावं.

शेजारीपाजारी, धावतं

मध्य प्रदेशात २६ ऑक्टोबर १९४० ला पडलेला सेमारकोना जेमतेम ७०० ग्रॅमचा, पण न भाजलेल्या दगडांत अव्वल: त्याचा क्रमांक ३.००. त्याच्या मण्यांत सूर्याभोवतीच्या मूळ तबकडीतलं चुंबकीय क्षेत्र गोठून राहिलंय. २०१४ मध्ये ते मोजलं तर ५४ मायक्रोटेस्लाच्या आसपास निघालं. आज पृथ्वीवर होकायंत्राची सुई फिरवणारं क्षेत्र २५ ते ६५ मायक्रोटेस्लाच्या दरम्यान असतं. म्हणजे ग्रह जन्मायच्या आधीही होकायंत्र चाललं असतं!

नागपूरजवळ, संत्र्यांच्या काटोलात, २२ मे २०१२ ला भर दुपारी दगडांचा वर्षाव झाला. त्यात खरगपूर आयआयटीच्या संशोधकांना ब्रिजमनाइट सापडलं. पृथ्वीच्या पोटात हे खनिज सर्वांत जास्त, पण ते राहतं ६६० किलोमीटरच्या खाली. तिथून नमुना आणायची सोय नाही. आकाशातून मात्र घरपोच आला. अवकाशातल्या भयंकर टकरीच्या दाबात ते तयार झालं होतं.

जामखेडला १८६६, धुळ्याला १८७७, कळंबीला १८७९. तेरा वर्षांत महाराष्ट्रात तीन. त्यानंतर आकाशाचा हात जरा आखडता झाला.

जहांगीर बादशहानं तर अशनी वापरून दाखवला. १६२१ मध्ये जालंधरजवळ पडलेल्या १६० तोळ्यांच्या लोखंडात एक हिस्सा साधं लोखंड मिसळून त्यानं दोन तलवारी, एक सुरी आणि एक खंजीर बनवून घेतला, आणि आपल्या आत्मचरित्रात तसं लिहूनही ठेवलं.

१७ ऑगस्ट २०२२ ला गुजरातच्या दियोदर भागात पडलेल्या अशनीनं वाटेत कडुनिंबाची फांदी मोडली. जातीनं ऑब्राइट, म्हणजे दुर्मिळ. कडुनिंबाला त्याचं काय!

सापडलाच तर

सातारा-सांगलीत काळा, जड दगड दिसला की तो शंभरात शंभर वेळा बेसाल्टच धरून चालावं. लोक सांगतात, चुंबक लावून बघा. आमच्या भागात ही परीक्षा फसवी आहे, कारण बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं आणि त्यालाही चुंबक ओढ घेतं. जांभ्यात लोखंड असतं. किर्लोस्करवाडीपासून सातारा रोडपर्यंत शंभर वर्षं ओतकाम चालत आलेल्या या पट्ट्यात भट्टीचा मळ कुठं सापडेल सांगता येत नाही, आणि तो दिसतोही अगदी ‘अवकाशी’. ओळखायची खूण सोपी: दगडात बुडबुड्यांची भोकं असतील, तर तो जवळजवळ नक्की इथलाच. अशनीला बाहेरून मिलिमीटरहून पातळ, जळालेली काळी साल असते आणि तुटलेल्या जागी आतला रंग फिकट राखाडी, त्यात चमकणारे लोखंडाचे कण.

आणि हो, तो पडल्या पडल्या लालबुंद नसतो. शेवटचे काही किलोमीटर तो थंड हवेतून नुसता खाली येतो. आत तर अवकाशातला गारठाच असतो.

दगड नाही तर धूळ तरी? दरवर्षी सुमारे ५,२०० टन अवकाशी धूळ पृथ्वीवर पोचते, त्यातले कण आपल्या स्लॅबवरही पडतात. नॉर्वेच्या योन लार्सन यांनी शहरांतल्या छपरांवरची धूळ गाळून हे सिद्ध केलंय. सांगलीकरांनी प्रयोग करायचा तर गळीत हंगाम संपल्यावर करावा. एरवी हाती येईल ती साखर कारखान्याची राख.

खरा अशनी पडला, तर तो उचलायची घाई जरूर करा; मोनाहान्सची पोरं आठवा. स्वच्छ, कोरड्या पिशवीत ठेवा आणि तहसील कार्यालयाला कळवा. तिथून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणापर्यंत बातमी जाते. देशातले असे दगड सांभाळणारी संस्था तीच आहे, आणि कोलकात्यातला त्यांचा संग्रह कळंबी पडला तेव्हाही चालू होता. पाण्यानं धुवू नका, मीठ जाईल. शेंदूर, हळद, कुंकू काही लावू नका. फोडून गावभर वाटू नका. आणि ज्याच्या त्याच्या खिशातून निघतं ते चुंबक तर अजिबात लावू नका: साडेचार अब्ज वर्षं टिकलेली चुंबकीय नोंद एका स्पर्शात पुसली जाते.